एकशे सदतीस स्पीकर, एक खोली

मी आमच्या वस्तीवरची पहिली पदवीधर. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कुठंही आधी सांगते; कुणाला गर्व वाटला तर वाटो. धसईच्या पुढं डांबर संपतं, तिथून आत आमची वस्ती. आईवडील वर्षातले सहा महिने वीटभट्टीवर, उरलेले सहा दुसऱ्यांच्या भातात. त्यामुळं लहानपणीच इतकं काही बघून झालं होतं, की आता आपल्याला कशाचा धक्का बसणार नाही असं मला वाटायचं. मग शेवटच्या वर्षी मुरबाडला खोली घेतली आणि घरमालक म्हणून हे काका भेटले.

खोली मिळण्यापासूनच सुरुवात झाली. तीन घरांत आधी आडनाव विचारलं गेलं. आडनाव सांगितल्यावर एका घरची खोली तेवढ्यात दुसऱ्याला दिलेली निघाली, दुसऱ्या घरी पाहुणे यायचे होते, तिसऱ्या घरचं दार काही न सांगताच लागलं. चौथं घर यांचं. दारात उभा राहिलेला माणूस काटकुळा, मान एका बाजूला कललेली, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेन्सिल सेल. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला आत नेऊन एका स्टुलावर बसवलं. समोर दोन लाकडी स्पीकर, जुनी जाळीची कापडं लावलेले. मागं कॅसेट सुरू झाली आणि एक लहान मुलगी एकोणीसचा पाढा म्हणू लागली.

"पोरगी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं आतल्या खोलीत असेल. पण आवाज आतून येत नव्हता. डावीकडून नाही, उजवीकडूनही नाही. दोन्ही पेट्यांच्या मधोमध भिंतीवर कॅलेंडर होतं, तिथं ती मुलगी उभी असल्यासारखी वाटत होती. मी कॅलेंडरकडं बोट दाखवलं.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना मोठी नोकरी लागल्याची बातमी दिली होती जणू. म्हणाले, खोली तुझी. आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. काकूंनी त्याच संध्याकाळी विचारलं. दुसऱ्या दिवसापासून मला चहा मिळायचा तो स्टीलच्या एका ठरलेल्या कपात. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. कप धुऊन रोज त्यांच्याच मांडणीवर, त्यांच्याच कपांच्या रांगेत ठेवत गेले. कधीतरी तो ठिपका खरवडला गेला. कुणी खरवडला मला माहीत नाही. मी नाही.

काका वायरमन होते, निवृत्त झालेले. सिद्धगडाच्या पायथ्यापासून तानसाच्या बाजूपर्यंत खांबांवर चढण्यात त्यांची नोकरी गेली, आणि मान कलती करून वर बघून बघून ती तशीच राहिली. खांबावर चढलं की गावातल्या घराघरांतला रेडिओ ऐकू येतो, असं ते सांगायचे. कुणाचा घोगरा, कुणाचा पत्र्यासारखा, कुणाचा माणसासारखा. माणसासारखा आवाज आला की काम झाल्यावर त्या घरी पाणी प्यायला जायचं आणि त्याच्यात कोणता स्पीकर आहे ते बघून यायचं. तिथून हे वेड लागलं.

मी एकदा सगळे मोजले. एकशे सदतीस. नुसत्या रिकाम्या पेट्या सोडून. कॉटचे चार पाय चार स्पीकरवर. स्वयंपाकघरात मिक्सर एका पेटीवर, लोणच्याची बरणी दुसरीवर. माळ्यावर, पडवीत, मोरीच्या बाहेर. मधली मोठी खोली, जी त्यांच्या मुलीची होती, ती तर दारापासून खिडकीपर्यंत भरलेली. आत जायला एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढी वाट. एका फुटक्या पेटीत शेजारची कोंबडी अंड्यांवर बसली, तर काकांनी पिल्लं निघेपर्यंत त्या बाजूला कुणाला जाऊ दिलं नाही. पिल्लं निघाल्यावर मात्र त्याच तासाला कुटुंबासकट बाहेर काढलं, कारण लाकूड ओलं होतं.

आणि एवढ्या स्पीकरांवर त्या घरात गाणं मी कधी ऐकलं नाही. हा मला पहिल्या महिन्यातला मोठा धक्का. मी विचारलं तर म्हणाले, गाणं कुठल्यापण डब्यावर गोड लागतं. खोटं पकडायचं तर बोलणं लावायचं. म्हणून तो पाढा. मुलगी सात वर्षांची असताना त्यांनी तो टेप केला होता. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले. चांगला स्पीकर कोणता, तर ज्याच्यावर 'सत्तावन्न' म्हणताना तिची ती फटीतली शिट्टी ऐकू येते. शिट्टी नाही आली की आतला कागदी कोन बदलायचा, गोंद लावायचा, उन्हात ठेवायचा, परत पाढा. त्यांच्या मुलीला बघण्याआधी मी तिच्या पडलेल्या दातांना ओळखत होते.

इतके कशाला, याचंही त्यांच्याकडं उत्तर होतं, आणि ते उत्तर ऐकून माझं डोकं फिरलं होतं. स्पीकर एकटा ठेवायचा नसतो. जोडी लागते, एकाच कंपनीची, एकाच वयाची, एकाच आवाजाची. एकटा सापडला की त्याला ते 'सडा' म्हणायचे आणि त्याच्यासाठी स्थळं बघायला निघायचे. भंगारवाला एक काही देत नाही, चारचा ढीग देतो. म्हणजे एकाचं लग्न लागलं की तीन नवे सडे घरात. त्यांची वही होती, तिच्यात लिहिलेलं असायचं: कल्याणचा, आठ इंची, जरा घोगरा, शहापूरला एक स्थळ ऐकून आहे. काकू म्हणायच्या, "सोताच्या पोरीला स्थळ मी शोधलं. हे डब्यांची लग्नं लावत बसलेले."

शहापूरकडं नात्यात कुणाच्या तरी दहाव्याला दोघं गेले होते. काकू रडत होत्या, बायकांत बसल्या होत्या. काका दिसेनात म्हणून बघितलं, तर हे आतल्या खोलीत मयत माणसाचा जुना स्पीकर पालथा करून त्याच्या तारांना खिशातला सेल लावून बघत होते. सेल लावला की जिवंत स्पीकरचा कागद टप् करून पुढं येतो. तो आला, जोडीदाराचाही आला. येताना एस.टी.त दोन सीटांवर दोन स्पीकर, त्यांचं पण तिकीट काढलेलं, आणि काका-काकू उभे. काकूंनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हासुद्धा त्यांनी पदर तोंडावर धरला होता. काका शांतपणे म्हणाले, त्यांच्या पोरांनी ते मोडीत दिले असते, इथं निदान बोलतील तरी.

काकूंनी एकदा धीर करून, काका बाहेरगावी गेलेले असताना, चार पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. काका आले, जागा बघितली, जेवले नाहीत, तसेच एस.टी.ने शहापूरला गेले. परत आले ते सहा घेऊन. चार शोधायला गेलो, सहा सापडले. हे ते तक्रारीनं नाही, आनंदानं सांगत होते.

आमचं दोघांचं जमलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. रोज कॉलेजवरून आले की मला स्टुलावर बसवायचे. जोडीतल्या एकाच्या तारा उलट्या लागल्या, तर आवाज मधोमध राहत नाही, सगळीकडं पांगतो. ते मला त्यांच्याआधी कळायचं. म्हणायचे, "जोडी भांडतेय का गो?" मी म्हणायचे, भांडतेय. मग तारा बदलायच्या. माझ्या कॉलेजात मला कुणी इतकं गंभीरपणे काही विचारत नव्हतं. त्यांनी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्याकडं राहते ती पोरगी सायन्सची हाय, कान बघा तिचे. मला ते आवडायचं. म्हणून पुढं जे झालं ते जास्त लागलं.

मुलगी कल्याणला नोकरीला होती. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. सुट्टी मिळत नव्हती म्हणून ती नववा लागल्यावरच येणार होती. महिनाभर आधी काकूंनी काकांना सांगितलं, तिची खोली मोकळी करा. काका म्हणाले, करतो. त्यांनी तीन पेट्या बाहेर काढल्या. दोन दिवसांनी त्यातल्या दोन परत आत गेल्या, कारण पडवीत दव पडतं. शेजाऱ्यानं गोठ्याची जागा देऊ केली, तिथं ओल. एका नातेवाइकाचं दुकान रिकामं होतं. तिथं उंदीर कागद खातात. रोज सकाळी ते त्या खोलीच्या दारात उभे राहायचे, एक पेटी उचलायचे, तिच्याकडं बघायचे आणि ठेवायचे. नाटक नव्हतं ते. माणूस घामाघूम व्हायचा.

मुलगी यायला चार दिवस उरले तेव्हा काकूंचा आवाज पहिल्यांदा चढला. "खोली होत नसंल तर मी तिच्या सासरी जाऊन तिचं करते. आई जिवंत, बाप जिवंत, अन् पोरीला माहेर नाय, असं लोकांना बोलू दे."

त्या दुपारी मी जर्नल पूर्ण करत होते. तीन आठवड्यांनी लेखी परीक्षा, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल. काका माझ्या दारात येऊन उभे राहिले. परीक्षा कधी ते विचारलं. मी सांगितलं. मग भिंतीकडं बघत म्हणाले, दुसरी एखादी खोली बघशील का, थोड्या दिवसांकरता.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या घरात एकशे सदतीस स्पीकर होते आणि माणसं तीन, आणि बाहेर जायला सांगितलं ते मला. मी पेन खाली ठेवलं. मी गयावया केली नाही.

"काका, फुटक्या पेटीला तुमच्याकडं जागा हाय. कोंबडीला होती. मी वस्तीवरनं आले म्हणून सगळ्यात आधी मीच उठायचं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते वाक्य त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं, आणि दिसूनही मी ते मागं घेतलं नाही. ते "तसं नाय गो" एवढंच म्हणाले आणि गेले. मी बॅग भरून ठेवली. प्रॅक्टिकल झालं की वस्तीवर जायचं, परीक्षेला तिथूनच येऊन-जाऊन करायचं, एस.टी. चुकली तर चुकली, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तर गल्लीच्या तोंडापासूनच ठोकल्याचा आवाज. मला वाटलं फळ्या मारून कुठं माळा करतायत. अंगणात माणसं उभी होती. मधे काका खाली बसलेले, समोर त्यांचा नोकरीतला जुना हातोडा आणि पक्कड. मधली खोली रिकामी झाली होती. सगळे स्पीकर अंगणात. काका एक घ्यायचे, पकडीनं कागद फाडायचे, कॉइल ओढून काढायचे, पेटीवर हातोडा घालायचे, बाजूला टाकायचे आणि लगेच त्याचा जोडीदार घ्यायचे. जोडी संपली की पुढची जोडी.

मी प्रॅक्टिकलचा एप्रन घातलेलाच होता. तशीच उभी राहिले. ज्या माणसाला मी स्पीकरवर ओला हात ठेवू न देताना बघितलं होतं, तो हे करत होता. सगळ्यात मोठा धक्का म्हणजे ज्या काकू वर्षानुवर्षं त्या डब्यांना शिव्या घालत होत्या, त्या दाराच्या चौकटीला धरून रडत होत्या. "अहो, चांगले तरी ठेवा. चांगले राहू द्या."

"चांगलेच आधी," काका म्हणाले.

मी पुढं झाले. म्हटलं, काका, विका ना, कुणाला तरी द्या, हे कशाला. त्यांनी हात थांबवला नाही.

"विकले तर परत आणीन. दिले तर बघायला जाईन. माझा भरवसा मला नाय, गो."

कालच्या माझ्या एका वाक्यानं हे सुरू झालं होतं, एवढं मला कळत होतं. आणि तरी ते वाक्य खोटं नव्हतं.

भंगारवाल्याचा टेम्पो आला. त्याला फक्त लोहचुंबकं आणि तांबं हवं होतं. ती चुंबकं एकमेकांना चिकटत होती, टेम्पोच्या पत्र्याला चिकटत होती, सोडवताना दोन माणसांची बोटं चेंगरली. काका तोवर खोली झाडत होते. त्यांनी जमीन पुसली, भिंतींना चुना दिला. दुसऱ्या दिवशी माझी भरलेली बॅग त्यांनी बघितली आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. रागानं म्हणावं तर चहा स्वतः आणून ठेवायचे. काकूंनी मात्र बॅग उघडून माझे कपडे परत दोरीवर टाकले आणि म्हणाल्या, एवढं झाल्यावर आता तू गेलीस तर बघ.

मुलगी आली. नवरा सोडायला आला होता. तिचा भरल्या गळ्याचा मोठ्या बाईचा आवाज ऐकून मलाच चमत्कारिक वाटलं. माझ्या कानात ती सात वर्षांची होती. ती आपल्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत पांढऱ्या भिंती, एक कॉट, एक खुर्ची, आणि जमिनीवर जिथं जिथं पेट्या होत्या तिथं पुसूनही न गेलेले चौकोन.

"बाबांचे स्पीकर कुठंयत?"

काकूंनी सांगितलं. ती पोटावर हात ठेवून तिथंच खुर्चीवर बसली.

"अगो आई, एवढं कशाला? मी हिच्या खोलीत पडले असते ना. दोघींना जागा पुरली असती."

हिच्या म्हणजे माझ्या. मी तिथंच उभी होते. महिनाभर रोज फोन चालला होता. काय खातेस, पाय सुजतात का, डॉक्टर काय म्हणाले. तुला कुठं झोपायला चालेल, हे त्या तीस दिवसांत एकानं तिला विचारलं नव्हतं. आईनं नाही, बापानं नाही. मी तर फोनवर नव्हतेच, पण माझ्या खोलीत दोघी राहू असं मलाही सुचलं नव्हतं. मी माझ्या मानापानात होते. काका म्हणाले, "तू ये, बस," आणि पाणी आणायला आत गेले. बराच वेळ ते पाणी घेऊन आले नाहीत.

आठ दिवसांनी तिला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून घरी आणली आणि वेगळंच सुरू झालं. बाळ रडायचं, आणि रडता रडता दचकायचं, मग आणखी मोठ्यानं रडायचं. बाळंतीण दोन दिवस झोपली नाही. मी परीक्षेचं वाचत होते, माझी पण झोप गेली. शेजारणी म्हणाल्या दृष्ट लागली. काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मोडलेल्या वस्तूंचा तळतळाट असतो, असंही एकीनं काकांसमोर बोलून घेतलं.

काका तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. मान कलती करून ऐकलं. परत एक. काकू म्हणाल्या, पोर आताच डोळा मिटतंय, डोकं फिरलं का तुमचं. त्यांनी भिंतीपाशी जाऊन तिसरी वाजवली. मग तसेच निघून माझ्या दारात आले. हातोडा चालवल्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं.

"खोली घुमते. पेट्या होत्या तवा आवाज खात होत्या. बाळाला आपलंच रडणं भिंतीवरनं परत येतंय. तुझ्याकडं गोधडी हाय का?"

माझ्याकडं एकच होती. आईनं शिवलेली. तिची दोन जुनी लुगडी, बापाचा भट्टीवरचा शर्ट, माझ्या शाळेच्या गणवेशाचे तुकडे, आणि टाके असे जवळजवळ की मुंगी अडकावी. मी पांघरुणातून काढली तशीच त्यांना दिली आणि मागोमाग गेले.

त्यांनी घरातल्या चादरी, सतरंजी, काकूंची शाल आधीच काढली होती. पाळण्यासमोरची भिंत मात्र माझ्या गोधडीसाठी ठेवली, कारण तीच सगळ्यात जाड. ते स्टुलावर चढले. काकूंच्या तळहातावर खिळे होते. बाळंतिणीच्या खोलीत, पाळण्यासमोर, आमच्या वस्तीवरची, अंगावरची गोधडी. काकू गोधडीकडं बघत होत्या. मी काकूंकडं बघत होते. काकांनी मागं न बघता हात पुढं केला, आणि काकूंनी त्याच्यावर पुढचा खिळा ठेवला.

मग टाळी. मला विचारलं, "येतो का परत?"

मी म्हटलं, नाही येत.

बाळ दुपारी रडलं. साधं, जवळचं, एका बाळाएवढं रडणं. दूध पिऊन झोपलं. त्याची आई झोपली. काकू तिथंच जमिनीवर कलंडल्या. मी माझ्या खोलीत जाऊन सेंद्रिय रसायनाचं पुस्तक उघडलं आणि त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा मला तिथं काहीच ऐकू आलं नाही.

परीक्षा झाली. प्रथम वर्गात पास झाले. गुणपत्रिका घेऊन पेढे द्यायला गेले, तेव्हा गोधडी भिंतीवरच होती. काकांनी कडेनं पट्टी ठोकून ती नीट ताणून बसवली होती. घरात नवा स्पीकर एकही नव्हता. मी सगळीकडं बघितलं, माळ्यावरसुद्धा. मला वाटलं होतं चार-पाच तरी आले असतील. ते न आल्याचाच मला धक्का बसला. काकांनी गुणपत्रिका दोन्ही हातांत धरून प्रत्येक विषयाचा आकडा वाचला. गोधडी परत नेऊ का, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

वस्तीवर गेल्यावर आईनं आधी गुणपत्रिका कपाळाला लावली, मग बॅगेत हात घातला आणि विचारलं, गोधडी कुठाय. मी सांगितलं, मालकांनी भिंतीला ठोकलीय.

"भिंतीला? माणसं सोडून भिंतीला?"

मी तिला बाळाचं सांगितलं, रडण्याचं सांगितलं, आवाज भिंतीवरून कसा परत येतो ते पदवीधरासारखं नीट समजावून सांगितलं. तिला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"मंग पोर झोपलं?"

"झोपलं."

"मंग राहू दे तिथंच," आई म्हणाली आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं ओढायला उठली.